इंग्रजीत उत्पादनांची तुलना करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्पादनाची माहिती इंग्रजीत लिहिणारे, ग्राहकाला फोनवर दोन मॉडेलांमधला फरक सांगणारे, कोटेशनच्या सोबत चार ओळी जोडणारे, अशा मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. शाळेत ‘चेंज द डिग्री’ सोडवून सोडवून रूपं बहुतेकांची पाठ असतात. गाडी अडते ती पुढे: तुलना कशाशी, कोणत्या बाबतीत आणि किती, हे वाक्यात बसवताना. म्हणून रूपांचे प्रश्न सुरुवातीला थोडक्यात घेतले आहेत आणि बाकीच्यांना जागा जास्त दिली आहे. इंग्रजी वाक्यं मोठ्याने वाचा. कानाला सवय झाली की हातून चुका कमी होतात.

१. कम्पॅरेटिव्ह कधी वापरायचं आणि सुपरलेटिव्ह कधी?

दोन गोष्टी समोरासमोर ठेवल्या की कम्पॅरेटिव्ह: ‘धिस प्रिंटर इज फास्टर दॅन द ओल्ड मॉडेल.’ एका गटातली एकच गोष्ट उचलून दाखवायची असेल तर सुपरलेटिव्ह: ‘धिस इज द फास्टेस्ट प्रिंटर इन अवर रेंज.’

‘दोन असतील तर कम्पॅरेटिव्ह, जास्त असतील तर सुपरलेटिव्ह’ हा नियम अर्धाच खरा आहे. ‘धिस प्रिंटर इज फास्टर दॅन ऑल अवर अदर प्रिंटर्स’ या वाक्यात प्रिंटर दहा असतील, तरी रूप कम्पॅरेटिव्हच. कारण इथे एक प्रिंटर एका बाजूला आणि बाकी सगळे दुसऱ्या बाजूला उभे आहेत. सुपरलेटिव्हमध्ये ती वस्तू गटाच्या आतच असते. हा आत-बाहेरचा फरक लक्षात राहिला तर प्रश्न १३ सोपा जाईल.

२. शब्दाला ‘अर’ लावायचं की आधी ‘मोअर’, हे ठरवायचं कसं?

शब्द बोलून पाहा. एका झटक्यात बोलून होत असेल तर ‘अर’ आणि ‘एस्ट’: चीप, चीपर, चीपेस्ट, लाइट, लायटर, लायटेस्ट. तीन किंवा जास्त तुकडे पडत असतील तर ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’: मोअर रिलायबल, मोस्ट एक्स्पेन्सिव्ह.

दोन तुकड्यांचे शब्द जरा त्रास देतात. शेवटी वाय असेल तर ‘अर’: हेवी, हेविअर; ईझी, ईझिअर. ‘सिंपल’, ‘नॅरो’, ‘क्वायट’ यांनाही ‘अर’ चालतं आणि तेच जास्त ऐकू येतं. बाकी बहुतेकांना ‘मोअर’ लावा: मोअर यूसफुल, मोअर मॉडर्न, मोअर कॉम्पॅक्ट. क्रियापदापासून बनलेल्या विशेषणांनाही ‘मोअर’च: मोअर अडव्हान्स्ड, मोअर पॉलिश्ड. दोन तुकड्यांच्या शब्दाबद्दल शंका असेल तर ‘मोअर’ घ्या, त्यात चूक होण्याचा धोका कमी. फक्त वायने संपणाऱ्या शब्दांना हा उपाय लावू नका. ‘मोअर हेवी’ खटकतं.

३. स्पेलिंगमध्ये अक्षर दुप्पट कधी होतं?

एका तुकड्याच्या शब्दात शेवटी एकच स्वर आणि त्यापुढे एकच व्यंजन असेल तेव्हा. म्हणून ‘बिगर’मध्ये जी दोनदा आणि ‘थिनर’मध्ये एन दोनदा. ‘चीपर’मध्ये पी एकदाच, कारण त्याआधी दोन स्वर आहेत. ‘लो’ आणि ‘न्यू’ यांच्या शेवटच्या डब्ल्यूला हा नियम लागू नाही. वायच्या जागी आय येतो, आणि शेवटी ई आधीच असेल तर नुसता आर जोडायचा.

४. नियमात न बसणारी रूपं कोणती?

व्यवसायात लागणारी मोजकीच आहेत. गुड, बेटर, बेस्ट. बॅड, वर्स, वर्स्ट. मेनी आणि मच, दोघांचं मोअर, मोस्ट. लिटल, लेस, लीस्ट. फारचं फार्दर किंवा फर्दर. अंतरासाठी दोन्ही चालतात, पण ‘अधिक माहिती’ म्हणायचं असेल तर फक्त ‘फर्दर इन्फर्मेशन’.

‘लेटेस्ट’ आणि ‘लास्ट’ यांची गल्लत टाळा. ‘अवर लेटेस्ट मॉडेल’ म्हणजे आत्ता आलेलं. ‘अवर लास्ट मॉडेल’ म्हटलं की याच्या आधीचं मॉडेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे कंपनीचं शेवटचं मॉडेल, असा अर्थ निघतो.

५. ‘धिस मॉडेल इज चीप दॅन दॅट’ असं सारखं तोंडात येतं. का?

कारण मराठीत तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’ उचलतो. ‘हे त्यापेक्षा स्वस्त आहे’ म्हणताना ‘स्वस्त’ हा शब्द जसाच्या तसा राहतो. इंग्रजीत ‘दॅन’ तर लागतोच, शिवाय विशेषणाचं रूपही बदलावं लागतं: ‘चीपर दॅन’. दोन्ही खुणा हव्यात.

याच्या उलटी चूकही आपल्याकडूनच होते. ‘जास्त स्वस्त’ हे मनात असतं आणि ‘मोअर चीपर’ बाहेर पडतं. ‘मोअर’ आणि ‘अर’ एकाच शब्दाला लावायचे नाहीत, तसंच ‘मोस्ट’ आणि ‘एस्ट’ही नाहीत. ‘मोअर बेटर’ हा या चुकांमधला सर्वात हट्टी प्रकार. जोर द्यायचा असेल तर त्याची साधनं वेगळी आहेत, ती पुढच्या उत्तरात आहेत.

६. ‘खूपच स्वस्त’ म्हणायला ‘व्हेरी चीपर’ चालेल का?

नाही. ‘व्हेरी’ साध्या रूपाआधी येतं. कम्पॅरेटिव्हच्या आधी ‘मच’, ‘फार’ किंवा बोलताना ‘अ लॉट’ घ्या: ‘मच चीपर’, ‘फार मोअर रिलायबल’. लेखी अहवालात ‘कन्सिडरेबली’ किंवा ‘सिग्निफिकन्टली’ शोभतात. फरक थोडासाच असेल तर ‘स्लाइटली’ किंवा ‘अ बिट’. सुपरलेटिव्हसाठी ‘बाय फार’: ‘बाय फार द क्वायटेस्ट फॅन इन द रेंज.’

या छोट्या शब्दांकडे लोक दुर्लक्ष करतात याचं मला वाईट वाटतं, कारण ग्राहकाचा विश्वास बसतो तो यांच्यामुळे. जो विक्रेता ‘स्लाइटली हेविअर’ असं मोकळेपणाने लिहितो, त्याच्या ‘मच फास्टर’ला वजन येतं.

७. सुपरलेटिव्हच्या आधी ‘द’ प्रत्येक वेळी हवाच का?

नामाआधी सुपरलेटिव्ह असेल तर हो, ‘द’ हवाच. मराठीत असं उपपद नसल्याने तो गळतो, म्हणून लिहून झाल्यावर प्रत्येक ‘एस्ट’ आणि ‘मोस्ट’च्या मागे एकदा नजर टाका.

अपवाद दोन. मालकी दाखवणारा शब्द आला की ‘द’ नको: ‘अवर चीपेस्ट प्लॅन’. आणि एकाच वस्तूची तिच्याच दुसऱ्या स्थितीशी तुलना असेल तेव्हाही नको: ‘द मशीन इज क्वायटेस्ट ॲट लो स्पीड.’ इथे इतर मशिनांचा संबंध नाही. हेच मशीन कमी वेगावर सर्वात शांत असतं एवढंच सांगायचं आहे.

८. सुपरलेटिव्हनंतर ‘इन’, ‘ऑफ’ की ‘ऑन’?

जागा किंवा समूहाचं एकवचनी नाव असेल तर ‘इन’: ‘इन द रेंज’, ‘इन द वर्ल्ड’. मोजता येणाऱ्या वस्तू असतील तर ‘ऑफ’: ‘द लायटेस्ट ऑफ द थ्री मॉडेल्स’. ‘बाजारात मिळणाऱ्यांपैकी’ म्हणायचं असेल तर ‘ऑन द मार्केट’. ‘फ्रॉम’ मात्र टाळा. ‘सगळ्यांमधून’ या आपल्या शब्दामुळे ‘द बेस्ट फ्रॉम ऑल’ लिहिलं जातं, तिथे ‘ऑफ ऑल’ हवं.

९. ‘वन ऑफ द बेस्ट प्रॉडक्ट’मध्ये काय चुकलं?

‘प्रॉडक्ट’ अनेकवचनी हवं: ‘वन ऑफ द बेस्ट प्रॉडक्ट्स’. उत्तमांच्या गटातला एक, म्हणून गट अनेकवचनी. क्रियापद मात्र एकवचनी, कारण बोलणं त्या एकाबद्दल आहे: ‘वन ऑफ अवर लायटेस्ट मॉडेल्स इज नाउ अव्हेलेबल.’ आपल्या लोकांच्या व्यावसायिक इंग्रजीत ही चूक मला इतर कुठल्याही चुकीपेक्षा जास्त दिसते, अगदी छापील माहितीपत्रकांमध्येसुद्धा.

१०. आपलं उत्पादन एखाद्या बाबतीत कमी पडतं. ते खोटं न बोलता कसं मांडावं?

‘स्लोअर’, ‘वर्स’, ‘वीकर’ हे शब्द थेट लागतात. इंग्रजीत नकारासह ‘ॲज… ॲज’ ही मऊ वाट आहे: ‘इट इज नॉट क्वाइट ॲज फास्ट ॲज द लार्जर मॉडेल.’ अर्थ तोच, पण वाचणाऱ्याच्या मनात ‘फास्ट’ हा शब्द राहतो.

क्रमही महत्त्वाचा. ‘बट’च्या पुढे जे येतं ते ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतं. ‘इट लास्ट्स लाँगर, बट इट इज मोअर एक्स्पेन्सिव्ह’ म्हटलं की किंमत घोळत राहते. तीच माहिती फिरवून ‘इट इज मोअर एक्स्पेन्सिव्ह, बट इट लास्ट्स ट्वाइस ॲज लाँग’ म्हटली की टिकाऊपणा. दोन्ही वाक्यं खरी आहेत. उणीव आधी सांगून मोकळं व्हा.

११. ‘चीपर’ म्हणणं वाईट दिसतं का?

बोलताना चालतं. लिहिताना जपून, कारण ‘चीप’मध्ये हलक्या दर्जाची छटा आहे. ‘अ चीपर मटेरिअल’ वाचून ग्राहक किमतीआधी दर्जाचा विचार करील. ‘मोअर अफोर्डेबल’ किंवा ‘लोअर-प्राइस्ड’ सुरक्षित. वापराचा खर्च कमी असेल तर ‘मोअर इकॉनॉमिकल’. इथे ‘इकॉनॉमिक’ लिहू नका, तो शब्द अर्थव्यवस्थेसंबंधी आहे.

आणखी एक: वस्तू ‘चीप’ असते, किंमत ‘लो’ असते. म्हणून ‘अ चीपर प्राइस’पेक्षा ‘अ लोअर प्राइस’ नीट. त्याच हिशेबाने दर्जा ‘हायर’ किंवा ‘बेटर’, आणि मागणीचं प्रमाण ‘लार्जर क्वांटिटी’. तिथे ‘बिगर’ घरगुती वाटतं.

१२. ‘अवर बॅटरी लाइफ इज लाँगर दॅन देअर फोन’ या वाक्याला परदेशी ग्राहकाने प्रश्नचिन्ह लावलं. का?

मराठीत ‘आमच्या फोनची बॅटरी त्यांच्या फोनपेक्षा जास्त टिकते’ हे खपून जातं. ऐकणारा ‘त्यांच्या फोनच्या बॅटरीपेक्षा’ असं मनात पुरं करतो. इंग्रजी वाक्य शब्दशः वाचलं तर बॅटरीच्या आयुष्याची तुलना थेट फोनशी होते. ‘दॅन’च्या दोन्ही बाजूंना एकाच जातीची गोष्ट हवी.

दुरुस्तीच्या तीन वाटा आहेत. औपचारिक वाट: ‘द बॅटरी लाइफ ऑफ अवर फोन इज लाँगर दॅन दॅट ऑफ देअर फोन.’ अनेकवचन असेल तर ‘दॅट ऑफ’च्या जागी ‘दोज ऑफ’. दुसरी, छोटी: ‘अवर बॅटरी लाइफ इज लाँगर दॅन देअर्स.’ तिसरी वाट म्हणजे वाक्याचा कर्ताच फोन करायचा: ‘अवर फोन लास्ट्स लाँगर दॅन देअर्स.’ मला तिसरी सर्वात आवडते. क्रियापद काम करू लागलं की वाक्य हलकं होतं.

‘दॅन’नंतरचा भाग अपुरा राहिला की कधीकधी दोन अर्थ निघतात. ‘वी सप्लाय देम मोअर ऑफन दॅन अवर कॉम्पिटिटर’ म्हणजे स्पर्धक त्यांना जितक्या वेळा माल देतो त्याहून जास्त वेळा आपण देतो, की आपण स्पर्धकालाही माल देतो पण त्यांना जास्त वेळा? शेवटी ‘डझ’ जोडा, शंका संपली: ‘दॅन अवर कॉम्पिटिटर डझ’.

१३. ‘लायटर दॅन एनी लॅपटॉप इन अवर रेंज’ बरोबर आहे का?

तो लॅपटॉप त्याच रेंजमधला असेल तर नाही. तो स्वतःपेक्षा हलका असू शकत नाही. ‘अदर’ घाला: ‘लायटर दॅन एनी अदर लॅपटॉप इन अवर रेंज’. लॅपटॉपची तुलना टॅबलेटशी असेल तर ‘अदर’ लागत नाही, कारण लॅपटॉप त्या गटाबाहेरच आहे. आत-बाहेरचा मुद्दा प्रश्न १ मध्ये आला आहे.

१४. आकडे देऊन तुलना करताना गोंधळ होतो. ‘थ्री टाइम्स फास्टर’ लिहावं की नाही?

माझं मत: कागदावर लिहू नये. जुना प्रिंटर मिनिटाला १० पानं काढतो आणि नवा ३०, तर बहुतेक लोक ‘थ्री टाइम्स फास्टर’ म्हणतील. पण काटेकोर वाचणारा ‘दहाहून तिप्पट जास्त’ म्हणजे ४० असा हिशेब करू शकतो. ‘थ्री टाइम्स ॲज फास्ट ॲज द ओल्ड मॉडेल’ लिहिलं की वादाला जागा उरत नाही. दुपटीला ‘ट्वाइस ॲज फास्ट ॲज’. ‘ट्वाइस फास्टर’ ही रचना चुकीचीच आहे. कमी होण्याच्या बाबतीत गोंधळ आणखी वाढतो. ‘थ्री टाइम्स चीपर’ म्हणजे नेमकं किती? ‘इट कॉस्ट्स अ थर्ड ॲज मच’ लिहा. निम्मं वजन असेल तर ‘हाफ द वेट’.

टक्केवारीत पाया कोणता ते पाहा. जुनं मॉडेल २ किलोचं आणि नवं १.६ किलोचं असेल, तर नवं २० टक्के हलकं: ‘ट्वेंटी पर्सेंट लायटर’. पण उलट बाजूने बघाल तर जुनं मॉडेल नव्यापेक्षा २५ टक्के जड आहे. फरक ४०० ग्रॅमचाच, आकडे दोन. म्हणून ‘दॅन’नंतर कशाशी तुलना आहे ते लिहिल्याशिवाय टक्केवारी लिहू नका. शक्य असेल तर सरळ मापच द्या: ‘फोर हंड्रेड ग्राम्स लायटर दॅन द ओल्ड मॉडेल’.

मूळ आकडाच टक्क्यांत असेल तर आणखी एक पायरी. कार्यक्षमता ८० टक्क्यांवरून ८४ टक्क्यांवर गेली, तर वाढ ‘फोर पर्सेंटेज पॉइंट्स’ची. ‘फोर पर्सेंट’ लिहिलं तर चूक, कारण ८० च्या तुलनेत ४ म्हणजे ५ टक्के.

१५. ‘सुपीरिअर दॅन’ का चालत नाही?

लॅटिनमधून जशीच्या तशी आलेली काही रूपं ‘टू’ घेतात: सुपीरिअर टू, इन्फीरिअर टू, सीनिअर टू, प्रायर टू. त्यांच्या आधी ‘मोअर’ही नको. ‘प्रेफर’ या क्रियापदाचंही तसंच: ‘कस्टमर्स प्रेफर द न्यू डिझाइन टू द ओल्ड वन.’ ‘च्या तुलनेत’ मनात असल्याने ‘चीपर कम्पेअर्ड टू’ लिहिलं जातं. ‘अर’ असेल तिथे ‘दॅन’ पुरे.

१६. ‘मोअर युनिक’ किंवा ‘मोअर वॉटरप्रूफ’ म्हणता येतं का?

ज्या गुणात कमी-जास्त नसतं त्याची तुलना लेखी इंग्रजीत टाळावी: युनिक, परफेक्ट, आयडिअल, वायरलेस. बोलताना लोक ‘मोअर युनिक’ म्हणतात, पण माहितीपत्रकात तो शब्द पोकळ दिसतो. काय वेगळं आहे ते सांगा.

‘वॉटरप्रूफ’ला तर चांगला पर्याय हाताशी आहे. संरक्षणाची पातळी दाखवणारे आयपी अंक आहेत: आयपी६७ म्हणजे १ मीटरपर्यंतच्या पाण्यात ३० मिनिटं, आणि आयपी६८ म्हणजे त्याहून कठीण परिस्थितीत सतत पाण्याखाली, जिथे खोली आणि वेळ उत्पादक स्वतः जाहीर करतो. मग वाक्य असं होईल: ‘द न्यू मॉडेल हॅज अ हायर वॉटर-रेझिस्टन्स रेटिंग.’ तुलना करायची ती पातळीची.

१७. ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’मध्ये फरक काय?

मोजता येतं ते ‘फ्यूअर’: फ्यूअर पार्ट्स, फ्यूअर कम्प्लेंट्स. मोजता येत नाही ते ‘लेस’: लेस पॉवर, लेस नॉइज. विशेषणाआधी नेहमी ‘लेस’: ‘लेस एक्स्पेन्सिव्ह’. छोट्या विशेषणांना मात्र ‘लेस’ लावू नका. ‘लेस चीप’ अवघडतं. तिथे प्रश्न १० मधली ‘नॉट ॲज… ॲज’ची रचना बसते.

१८. जाहिरातीत ‘बेटर साउंड, लाँगर लाइफ’ असतं. मग ‘दॅन’ गाळला तर बिघडलं कुठे?

घोषवाक्यात बिघडत नाही. तांत्रिक माहिती, कोटेशन, ईमेल यांत बिघडतं, कारण खरेदी करणारा लगेच विचारतो: कशापेक्षा? मागच्या आवृत्तीपेक्षा की स्पर्धकापेक्षा? पहिल्या वाक्यात पाया स्पष्ट केला की पुढच्या वाक्यांत ‘दॅन’ गाळता येतो.

स्पर्धकाचं नाव घेऊन तुलना करताना भाषेसोबत कायदाही येतो. युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशानुसार अशा जाहिरातीत एकाच गरजेसाठीच्या वस्तूंची, पडताळता येणाऱ्या वैशिष्ट्यांवर, स्पर्धकाची बदनामी न करता तुलना हवी. नियम देशोदेशी वेगळे असतात, पण लिहिताना ही कसोटी कुठेही उपयोगी पडते. ‘द बेस्ट’ हे मत आहे. ‘द लायटेस्ट’ हा दावा आहे आणि तो वजनकाट्यावर तपासला जातो. सुपरलेटिव्ह वापराल तेव्हा गट आखून द्या: ‘द लायटेस्ट इन अवर रेंज’ सिद्ध करता येतं, ‘द लायटेस्ट इन द वर्ल्ड’ सिद्ध करायला सगळं जग तोलावं लागेल.

१९. ‘जितकी मोठी ऑर्डर, तितका कमी दर’ हे कसं म्हणायचं?

दोन्हीकडे ‘द’ आणि कम्पॅरेटिव्ह: ‘द लार्जर द ऑर्डर, द लोअर द प्राइस पर युनिट.’ क्रियापद नसलं तरी चालतं. वाटाघाटीत हे वाक्य तोंडपाठ असावं.

२०. सराव कसा करावा? एकट्याने जमेल का?

जमेल. रिकाम्या जागा भरण्याचे स्वाध्याय सोडून द्या. तिथे तुलना कशाशी हे दुसऱ्याने आधीच ठरवलेलं असतं, आणि नेमकं तेच तुम्हाला शिकायचं आहे. आपल्या कामातल्या दोन उत्पादनांची तांत्रिक माहितीपत्रकं समोर ठेवा. वजन, वेग, आवाज, वीज, किंमत, हमीचा काळ अशा ओळींचा तक्ता करा. प्रत्येक ओळीवर तीन वाक्यं बोला: पहिलं नुसती तुलना, दुसरं फरक किती ते सांगणारं, तिसरं ‘ॲज… ॲज’ वापरून उलट बाजूने. ‘मॉडेल ए इज लायटर दॅन मॉडेल बी.’ ‘इट इज फोर हंड्रेड ग्राम्स लायटर.’ ‘मॉडेल बी इज नॉट ॲज लाइट ॲज मॉडेल ए.’ मग तिसरं मॉडेल आणा आणि सुपरलेटिव्ह सुरू करा.

जोडीदार असेल तर एकाने विक्रेता व्हावं, दुसऱ्याने खरेदी करणारा. खरेदी करणाऱ्याने दर वाक्याला फक्त दोन प्रश्न विचारायचे: ‘दॅन व्हॉट?’ आणि ‘बाय हाउ मच?’ पाच मिनिटांत घाम फुटतो, पण अपुरी वाक्यं आपोआप थांबतात. नंतर भूमिका बदला.

आवाज रेकॉर्ड करून ऐका. ‘दॅन’वर जोर देऊ नका, तो पटकन ‘दन’सारखा निघून जातो, जोर विशेषणावर. ‘एस्ट’चा उच्चार ‘इस्ट’च्या जवळ. लिहिलेलं तपासताना मात्र एका वेळी एकच गोष्ट शोधा: पहिल्या वाचनात ‘द’, दुसऱ्यात ‘दॅन’च्या दोन्ही बाजू, तिसऱ्यात आकडे आणि त्यांचा पाया.